पारवा रंग : कार्डावर करडा, भिंतीवर निळा

आमच्या बेडरूमचा रंग ठरवायला तीन रविवार गेले आणि तो फसलाय हे कळायला दोन तास पुरले. शेड कार्डावर तो शहाण्यासारखा करडा होता, निळ्याची जेमतेम झाक असलेला. मी, नवरा आणि आठवीतली लेक, तिघांचं एकमत झालं, जे आमच्याकडे पिझ्झ्यावरही होत नाही. पहिला हात वाळला आणि खोली बारशाच्या हॉलसारखी निळी दिसायला लागली. रंगारीमामा शिडीवर बसूनच म्हणाले, "ताई, हा शेड कार्डावर गप्प असतो. चार भिंतींवर चढला की बोलायला लागतो."

दुकानात चुकीचं मिसळलं असणार, या खात्रीने मी डबा उचलून तरातरा गेले. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे झाकणावरचा कोड दाखवला, बोटभर रंग कार्डावर फासला, हेअर ड्रायरने वाळवला. तंतोतंत तोच. डबा बरोबर, कार्ड बरोबर, मशीन बरोबर, आणि तरी घरी भिंत निळी. मान खाली घालून परत आले. तो निळा आला कुठून, हे शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडते. कारण हा रंग सध्या निम्म्या महाराष्ट्राच्या फ्लॅटमध्ये चढतोय आणि बऱ्याच जणांची फसगत अगदी याच जागी होते.

रंगाला आपल्याकडे नाव मात्र फार सुंदर आहे: पारवा. बाल्कनीच्या जाळीवर बसून घुमणाऱ्या त्या पक्ष्याच्या पाठीचा रंग. दुकानात त्याला 'ग्रे-ब्लू' म्हणतात आणि कार्डावर धुकं, दगड, समुद्र, वादळ यांची इंग्रजी नावं असतात. पण पारवा म्हटलं की नेमकं कळतं, कारण त्या पाठीकडे नीट बघितलं तर तीही उन्हात करडी आणि सावलीत निळसर दिसते.

रंगाचा जोर

कुठल्याही रंगाचं वर्णन करायला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. रंग कोणता, तो किती उजळ, आणि त्यात रंगाचा जोर किती. अमेरिकेतले चित्रकला शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावरून एक पद्धत बसवली, ती आजही वापरात आहे. तिच्यात एखादा पारवा '5पीबी 7/2' असा लिहिला जाईल. पीबी म्हणजे जांभळ्याकडे झुकणारा निळा, आणि 5 म्हणजे त्या निळ्याच्या पट्ट्याचा मध्य. 7 हा उजळपणा, जिथे 0 म्हणजे काळा आणि 10 म्हणजे पांढरा. शेवटचा 2 हा रंगाचा जोर. चटक निळ्यात हाच आकडा 10 च्याही पुढे जातो, पारव्यात तो 1 ते 3 च्या आसपास घुटमळतो.

सगळी गंमत त्या शेवटच्या आकड्यात आहे. झणझणीत रश्श्यात चिमूटभर साखर पडली तर पत्ताही लागत नाही. साध्या ताकात तीच चिमूट पहिल्या घोटाला कळते. पारवा हे ताक आहे. त्याचा स्वतःचा जोर इतका कमी, की खिडकीतला उजेड, दिव्याचा पिवळेपणा, समोरच्या इमारतीचा रंग, खालची फरशी, जे कोणी जवळ येईल ते त्याला आपल्याकडे ओढतं. भडक केशरी भिंत सकाळी केशरी, रात्रीही केशरी. पारवी भिंत दिवसभरात चार वेळा वेगळी दिसते. काहींना हेच आवडतं. मला आता आवडतं, तेव्हा रडू आलं होतं.

डब्यात काय असतं तेही बघून घेऊ. दुकानातल्या मशीनखाली ठेवतात तो 'बेस', म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडमुळे पांढराशुभ्र झालेला रंग. त्यात मशीन थेंब सोडतं. निळा थेंब बहुतेक वेळा थॅलोसायनिन या तांबं असलेल्या रंगद्रव्याचा. 1928 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका रासायनिक कारखान्यात भलतंच काही बनवताना भांड्यात निळी घाण दिसली, तिचा माग काढता काढता या कुळाचा शोध लागला आणि 1935 पासून तांब्याचा निळा बाजारात आला. प्रिंटरच्या निळसर शाईतही तोच. जोर एवढा की लिटरभर पांढऱ्याला थोडे थेंब पुरतात. दुसरा थेंब काळा, म्हणजे काजळीचा भाऊबंद. आणि तिसरा थेंब, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही: पिवळा किंवा तांबडा ऑक्साइड, अगदी किंचित.

हा तिसरा थेंब घर बसवतो किंवा बिघडवतो. पिवळा पडला तर पारवा हिरवटाकडे झुकतो, समुद्राच्या पाण्यासारखा. तांबडा पडला तर जांभळटाकडे, पावसाळी ढगासारखा. यालाच 'अंडरटोन' म्हणतात. एकटा शेड बघून तो ओळखू येत नाही. त्यासाठी कार्डाच्या त्याच पट्टीवरचा सगळ्यात गडद रंग बघायचा. पट्टीवर सहा शेड असतील तर ती साधारण एकाच घराण्याची भावंडं असतात, आणि फिकट शेड जे लपवतो ते गडद शेड उघड सांगतो. मी निवडलेल्या पट्टीच्या तळाशी चक्क शाळेच्या गणवेशाचा निळा होता. तेव्हा तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

नुसता काळा आणि पांढरा मिसळला तरी तो करडा पुष्कळदा निळसर दिसतो, हे चित्रकारांना फार आधीपासून माहीत आहे. स्वीडनच्या अँडर्स झॉर्न या चित्रकाराच्या नावाने ओळखली जाणारी रंगसंगती आहे: पांढरा, काळा, पिवळी माती आणि शेंदरी, बस्स. निळा नाहीच, त्याचं काम काळ्याने करायचं. तेव्हा पारव्यात 'निळा' फार थोडा असतो. उरलेला निळा आपले डोळे आणि खोली मिळून तयार करतात.

यावरून आजीची नीळ आठवली. गावाकडे दिवाळीआधी चुना कालवताना त्यात निळीची पूड टाकायची. मला वाटायचं रंग द्यायला. पण चुन्याला थोडा पिवळटपणा असतो आणि निळा त्याला मारतो. चिमूट बरोबर पडली तर भिंत पांढरीफेक दिसते, जास्त पडली की पारवट, आणखी पडली की आकाशी. आजीच्या घराच्या चार खोल्यांत दरवर्षी चार वेगळे रंग का दिसायचे, त्याचं उत्तर एवढंच. पाकिटातली ती नीळ झाडाच्या निळीची नसून कृत्रिम अल्ट्रामरीन असायची. ती बनवण्याची युक्ती फ्रान्समध्ये 1820 च्या दशकात ग्विमे या रसायनतज्ज्ञाने काढली आणि 1828 मध्ये तिला बक्षीस मिळालं. अल्ट्रामरीन चुन्यात टिकतो. त्याच्याही आधीचा, बर्लिनमध्ये निघालेला प्रशियन निळा चुन्यात घातला तर उडून जातो.

उसळणारा उजेड

आता मूळ प्रश्न. कार्डावर करडा असलेला रंग चार भिंतींवर निळा का होतो?

समजा, माझा पारवा त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भाग 60 टक्के परत फेकतो आणि तांबडा भाग 50 टक्के. कार्डावर फरक एवढाच: 60 विरुद्ध 50. डोळ्याला तो करडा वाटतो. पण खोलीत उजेड एका भिंतीवर आपटून थेट डोळ्यात येत नाही. तो एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर जातो, तिथून तिसरीकडे. दुसऱ्या उसळीनंतर 60 चे होतात 36 आणि 50 चे 25. तिसऱ्या उसळीनंतर जवळपास 22 आणि साडेबारा. सुरुवातीला निळा तांबड्याच्या सव्वापटही नव्हता, तिसऱ्या उसळीला तो पावणेदोन पटीच्या घरात गेला. चहा उकळत ठेवला की पाणी कमी होतं आणि रंग चढतो, तसंच हे: उजेड कमी होत जातो आणि निळा चढत जातो.

छत पांढरं आणि फरशी क्रीम असेल तर हा परिणाम थोडा बोथट होतो, पण राहतोच. त्यात मोठा पृष्ठभाग डोळ्याला तसाही जास्त रंगीत वाटतो. म्हणून जुने रंगारी सांगतात की कार्डावर जो आवडला त्याच्यापेक्षा एक घर जास्त मळकट घ्या. फिकट नाही हं, मळकट. बहुतेक जण इथे घोटाळा करतात. निळा जास्त होईल अशी भीती वाटली की त्याच पट्टीवरचा फिकट शेड उचलतात, आणि मग खोली बाळाच्या दुपट्यासारखी दिसते. कमी करायचाय तो रंगाचा जोर, गडदपणा नाही. कार्डावर जो पारवा 'ह्यात निळा कुठाय?' असा वाटतो, तोच घरात बरोबर पारवा निघण्याची शक्यता जास्त.

खिडकी कुणाकडे बघते

इंटरनेटवर शोधलंत तर पहिला सल्ला मिळेल: उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत निळसर राखाडी लावू नका, खोली थंड आणि उदास होते. सल्ला खरा आहे, पण लंडनला. तिथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी तो 48 अंशांवर असतो. आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर पुण्यामुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच सरकलेला असतो. सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन येतं. शिवाय आपल्याला खोली 'थंड' वाटली तर तक्रार कोण करणार? पश्चिमेच्या, दुपारभर भाजून निघणाऱ्या खोलीत पारवा डोळ्याला गारवा देतो. भिंतीचं तापमान त्याने उतरत नाही, तेवढं पक्कं लक्षात ठेवा.

उत्तरेच्या खिडकीतून येतो तो मुख्यतः आकाशाचा उजेड, आणि निरभ्र आकाश निळं असतं. त्यामुळे तिथे पारवा दिवसभर निळ्याकडे झुकलेला, पण स्थिर. पूर्वेच्या खोलीत सकाळच्या पिवळ्या उन्हात तो नुसता करडा वाटतो, दुपारनंतर निळा होतो. पश्चिमेला नेमकं उलटं. दक्षिणेच्या खोलीत हिवाळ्यात ऊन आत खोलवर येतं, तेव्हा तो सगळ्यात समतोल दिसतो.

पण दिशेपेक्षाही शहरात महत्त्वाचं असतं ते खिडकीसमोर काय आहे. आमच्या बेडरूमसमोर पंधरा फुटांवर शेजारच्या सोसायटीची विटकरी भिंत आहे. सकाळी नऊच्या सुमारास तिच्यावर ऊन पडलं की आमच्या खोलीत गुलाबी झाक शिरते आणि पारवा अर्धा तास चक्क जांभळट होतो. मैत्रिणीकडे खिडकीबाहेर मोठं आंब्याचं झाड. तिचा तोच शेड शेवाळी दिसतो. कोड एकच, अंतर दोन किलोमीटर.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते चार महिने आहेत. ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या पुसल्या जातात, आणि मध्यम गडद पारवा तेव्हा ओला झाल्यासारखा जड दिसतो. कोकणात किंवा मुंबईत खोलीला एकच खिडकी असेल तर फिकट पारव्यावर थांबावं. कार्डामागे किंवा कंपनीच्या साइटवर 'एलआरव्ही' नावाचा आकडा मिळतो: भिंत 100 पैकी किती उजेड परत फेकते. मंद उजेडाच्या खोलीत 55-60 च्या खाली जाऊ नका, असं माझं मत. चांगल्या उजेडाच्या हॉलमध्ये 35-40 पर्यंतचा पारवाही शोभतो, एखादी भिंत तर 15 चीही.

तिन्हीसांजेचा एक चमत्कार बघून ठेवा. दिवे लावायच्या आधी दहा मिनिटं पारवी भिंत अचानक उजळल्यासारखी वाटते आणि लाल उशी काळी पडते. भिंतीने काहीच केलेलं नसतं. उजेड कमी झाला की डोळा मंद प्रकाशाच्या पेशींवर जातो आणि त्यांना निळा भाग जास्त दिसतो, तांबडा जवळजवळ नाहीच. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात हे फुलांवर टिपलं होतं.

मग दिवा लागतो आणि चित्र परत पालटतं. आपल्या घरांत अजूनही पांढरी ट्यूब म्हणजे 6500 केल्विनची (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर पांढरा, जितका लहान तितका पिवळट). तिच्याखाली पारवा बँकेच्या काउंटरसारखा कोरडा दिसतो. 2700-3000 केल्विनच्या पिवळट दिव्याखाली निळा झोपतो आणि भिंत उबदार करडी होते. हिरवट अंडरटोन असेल तर मात्र तो इथे वर येतो. मला 4000 च्या आसपासचा दिवा या रंगाला सगळ्यात मानवतो असं वाटतं. अजून एक खोच: एलईडीचा पांढरा हा खरं तर निळा दिवा आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. त्याच्या उजेडात 450 नॅनोमीटरजवळ निळ्याचा सुळका असतो आणि 480 च्या आसपास, जिथे निळा हिरव्याला मिळतो, तिथे खड्डा. त्यामुळे स्वस्त दिव्याखाली समुद्री झाकेचा पारवा निर्जीव दिसू शकतो. दिवा घेताना खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचा 100 पैकी आकडा) 90 किंवा जास्त लिहिलेला मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या.

दुकानातल्या उजेडात भिंतीशी जुळलेला पडदा घरी न जुळणं, हेही यातलंच. कापडाचा रंग आणि भिंतीचा रंग वेगळ्या द्रव्यांचे असतात; एका उजेडात ते सारखे दिसतात, दुसऱ्यात फाटतात. पडदा भिंतीशी जुळवायच्या फंदात पडूच नका. सरळ वेगळा घ्या: पांढरट खादी, मोहरी, विटकरी.

शेजारी

1839 मध्ये शेव्हरल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने एक जाड ग्रंथ लिहिला. तो पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे आणि पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार आली, त्याने तपासलं, धागे उत्तम होते. खोट धाग्यात नव्हती, त्यांच्या शेजारच्या धाग्यांत होती. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतात, हे त्याने पद्धतशीर मांडलं.

आपल्या फ्लॅटमध्ये याचा अर्थ सरळ आहे. बिल्डरने घातलेली पिवळट क्रीम व्हिट्रिफाइड फरशी पारव्याला निळ्याकडे ढकलते. सागवानी दार, लालसर शिसवी पलंग, पितळी समई, हे सगळे केशरी घराण्यातले. तेही निळ्याला चेतवतात. माझ्या खोलीत क्रीम फरशी, सागवानी कपाट आणि चारही भिंती पारव्या. उसळीचा निळा अधिक शेजाऱ्यांचा निळा. बारशाचा हॉल होणारच होता.

हेच हिशोबात धरून केलं तर सोनं होतं. माझ्या मते पारव्यासारखा सागवानाला खुलवणारा दुसरा रंग नाही. पांढऱ्या भिंतीपुढे जुनं कपाट जुनाट दिसतं, पारव्यापुढे तेच जपून ठेवल्यासारखं दिसतं. पितळ, तांबं, टेराकोटाची कुंडी, कोल्हापुरी चपलेचं चामडं, सगळं या रंगापुढे उठून येतं. कोटा किंवा शहाबादी फरशी असेल तर मात्र जपा. ती स्वतःच करडी. भिंतही करडी केली की खोली गोदामासारखी होते. तिथे जरा जास्त निळा पारवा घेतला तरी चालतो, कारण फरशी त्याला चेतवत नाही. छताला निळसर झाक असलेला झगझगीत पांढरा देऊ नका, त्याने पारवा मळलेला वाटतो. किंचित ऊबदार पांढरा द्या.

युरोपात हा रंग मिरवला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये, तिसऱ्या गुस्तावच्या काळात. लांबलचक हिवाळा, तोकडा दिवस, मेणबत्त्या, आणि त्यांच्या सोबतीला फिकट निळ्या-करड्या भिंती, पांढरं रंगवलेलं लाकूड, सोनेरी चौकटीचे आरसे. इंटरनेटवरची आजच्या 'स्कँडिनेव्हियन' घरांची चित्रं तिथूनच आलीत. पण त्यांनी पारवा बसवला तो पिवळ्या मिणमिणत्या उजेडासाठी आणि पांढऱ्या फर्निचरसाठी. तो आपण 6500 च्या ट्यूबखाली आणि क्रीम फरशीवर आणतो. चित्रातला कोड तंतोतंत मागवून उपयोग नाही तो यासाठी.

घडी घालून बघा

दुसऱ्यांदा रंग ठरवताना मी जे केलं ते सगळ्यांना सांगत सुटले आहे. शेडचा छोटा नमुना डबा घ्या. काही कंपन्या 200 मिलिलिटरचे देतात. जुन्या भिंतीवर चौकोन रंगवू नका, कारण भोवतीचा जुना रंग निकाल बिघडवतो. त्याऐवजी मोठा जाड कार्डशीट घ्या, त्याला दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. इमल्शन ओलं असताना फिकट आणि दुधाळ दिसतं, कारण त्यातला चिकट पदार्थ पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या रूपात असतो. वाळला की पारदर्शक थर होतो आणि रंग एक पायरी गडद होतो. ओल्यावर निकाल देणं म्हणजे कच्ची पोळी चाखण्यासारखं.

मग त्या शीटला मधोमध घडी घाला आणि पुस्तकासारखं काटकोनात उघडून कोपऱ्यात उभं करा. आता बाहेरच्या कडेचा रंग आणि घडीच्या आतल्या बाजूचा रंग यांची तुलना करा. आतल्या घळीत उजेड दोन्ही पानांमध्ये उसळतो, त्यामुळे तिथला पारवा जास्त निळा, जास्त भरलेला दिसेल. तुमची खोली त्या घळीसारखी होणार आहे, कडेसारखी नाही. माझ्या पहिल्या शेडचा उरलेला रंग मी असा लावून बघितला तर घळीत अगदी तोच बारशाचा निळा बसलेला दिसला.

शीट एका ठिकाणी ठेवून सोडू नका. सकाळी आठ, दुपारी एक, तिन्हीसांजा आणि रात्री दिवा लावून, फरशीला टेकवून आणि कपाटाशेजारी ठेवून बघा. दोन दिवस द्या. दुकानदार म्हणतो लगेच सांगा, त्याला म्हणावं परवा येते.

रंगकामाबद्दल थोडक्यात, कारण ते रंगाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पारवा मध्यम गडद असेल तर चकचकीत फिनिश टाळा. लस्टरसारखी चमक पुट्टीतला प्रत्येक उंचवटा आणि रोलरचा प्रत्येक पट्टा दाखवते. मॅट किंवा अगदी मंद चमक बरी. लहान मुलं असतील तर धुता येणारा मॅट मागा, नाहीतर हातांचे डाग या रंगावर तेलकट चमकतात. एका खोलीला दोन डबे लागणार असतील तर दोन्ही आधी बादलीत एकत्र करून घ्या. मशीन तेच असलं तरी डब्याडब्यात बारीक फरक पडतो, आणि करड्यात तो ओळखू येतो. 10 बाय 12 फुटांच्या खोलीच्या भिंती दार-खिडकी वगळून 350 ते 375 चौरस फूट भरतात. भिंत सपाट असेल तर दोन हातांना तीन-चार लिटर पुरावेत.

आणि ओल. पारव्यावर ओलीचा डाग गडद ढगासारखा दिसतो आणि लोणा फुटला तर पांढरी पावडर मैलावरून नजरेत भरते. क्रीम भिंत अशा गोष्टी पोटात घालते, पारवा चव्हाट्यावर आणतो. बाथरूमच्या पाठीमागची भिंत आधी कोरडी करून घ्या, मग रंगाचं बघा. नवीन गिलावा असेल तर त्याला निदान महिनाभर सुकू द्या.

आम्ही शेवटी चारऐवजी दोन भिंती पारव्या केल्या, पलंगामागची आणि तिच्या काटकोनातली, बाकी दोन ऊबदार पांढऱ्या. शेड असा घेतला की कार्डावर तो ओल्या सिमेंटसारखा दिसत होता. रंगारीमामांनी झाकण उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "ताई, ह्यो तर चिखल आहे." मी म्हटलं, लावा. दुपारी पहिला हात वाळल्यावर ते खिडकीपाशी उभे राहून बिडी न पेटवता नुसती हातात धरून बराच वेळ भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "निळा आला की."

उरलेला अर्धा लिटर माळ्यावर आहे. झाकणावर मार्करने शेडचा कोड, बेस, फिनिश आणि तारीख लिहून ठेवली आहे. पहिल्या डब्यावर दुकानाच्या कोडाशिवाय यातलं काहीच लिहिलं नव्हतं. तो आता लेकीच्या सायकलच्या स्टँडला, बाल्कनीतल्या तीन कुंड्यांना आणि एका जुन्या स्टुलाला लागलाय, आणि लहान वस्तूंवर, खरं सांगायचं तर, छान करडा दिसतो.